मास्तरांची गाडी

आमच्याकडे विकायला निघालेली जुनी गाडी नेहमी मास्तरांची असते. डॉक्टरांची असली तर दहा हजार जास्त पडतात. धुळ्यातल्या दलालाने मला 2011 मॉडेलची, एमएच-19 म्हणजे जळगाव पासिंगची डिझेल गाडी दाखवली तेव्हा त्याचं पहिलं वाक्य तेच होतं. "मास्तरांची गाडी आहे साहेब. घर ते शाळा, शाळा ते घर." मीटरवर 71 हजार. सीटवर पांढरीशुभ्र कव्हरं, हॉर्न दणदणीत. एवढ्यावर मी पसंती कळवून मोकळा झालो. पुढे आरसीवर माझा नंबर चौथा लागला, तेव्हा तीन वेगवेगळे मास्तर होते की एकाच मास्तरांनी तीनदा घेतली, हे विचारायचं राहूनच गेलं.

ऑफिसात पेढे वाटले. पेढा तोंडात धरूनच पाटीलभाऊंनी विचारलं, "टायमिंग पट्टा कधी बदललाय?"

"बदलला असेल की."

"असेल?" पाटीलभाऊंनी पेढा गिळला आणि माझ्याकडे सुतकात आल्यासारखं बघितलं.

त्या दिवसापर्यंत इंजिनात असा काही पट्टा असतो हे मला ठाऊक नव्हतं. पाटीलभाऊंनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आमच्या जुन्या घरात मोरी एक आणि काका दोन. दोघांना मोरी सकाळीच लागायची, पण आजी बाहेर पाटावर बसून पाळी लावायची म्हणून कधी टक्कर झाली नाही. इंजिनात पिस्टन वर येतो आणि हवेची वाट उघडझाप करणारा वॉल (व्हॉल्व्ह) खाली उतरतो, तेही जवळजवळ त्याच जागेत. त्यांची पाळी लावणारी आजी म्हणजे हा दातेरी रबरी पट्टा. खाली पिस्टनला जोडलेली क्रँक दोन फेरे घेते तेव्हा वर वॉल उघडणाऱ्या कॅमने एकच घ्यायचा, हा तिचा नियम. आजी चालत्या गाडीत गेली, तर पिस्टन जाऊन वॉलवर आपटतो. वॉल वाकतात, इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, खोलावं लागतं, आणि बिल बघून मालकही वाकतो. डिझेल गाडीत तर सुटका नाहीच. म्हणून पट्टा ठरल्या वेळी बदलायचा. कुठे 60 हजार किलोमीटर, कुठे लाख, आणि गाडी नुसती उभी असली तरी रबर म्हातारं होतंच.

मग मी इतिहास शोधायला बसलो. सर्व्हिस बुक नव्हतं. दलाल म्हणाला, "मास्तर फार टापटिपीचे, त्यांनी जपून ठेवलं असेल." डॅशबोर्डच्या खणात वणीच्या गडावरचा कुंकवाचा पुडा, मनुदेवीचा फोटो आणि लहान मुलाचा एका पायाचा मोजा सापडला. म्हणजे गाडीची श्रद्धा कळली, यावल तालुक्याशी असलेलं नातं कळलं, पट्ट्याचं काहीच कळलं नाही. डिकीतलं मॅट उचललं तर खाली काळे डाग. बायकोने ओळखले. "केळीचा चीक आहे हा. धुतल्याने जात नाही." शाळेत केळी कशाला लागतात, याचा मी विचार करत बसलो. पोषण आहार असेल म्हणून सोडून दिलं.

महिनाभर मी गाडी चालवली नाही, तिची शुश्रूषा केली. मे महिना, 44 अंश ऊन, आणि त्या उन्हात बॉनेटखाली माझं रबर शिजतंय या कल्पनेने घशाला कोरड पडायची. रेडिओ बंद, काचा खाली, कान इंजिनाला. प्रत्येक ट्रकला आधी जाऊ द्यायचं. अमळनेरला जायचं म्हटलं की मी एसटीचं वेळापत्रक काढायचो. बायको म्हणाली, "माझं माहेर आलं की बरा तुमचा पट्टा आठवतो!"

शेवटी पारोळा रोडवरचा मिस्तरी गाठला. मी म्हटलं, "अजून काही आवाज येत नाही, मिस्तरी." तो पान्हा पुसत म्हणाला, "पट्टा बोलत नही भाऊ. बोलना ते मंग शेवटलंच."

मराठीतलं सगळ्यात महागडं वाक्य कोणतं, तर "उघडलंच आहे तर". मिस्तरीने ते अहिराणीत म्हटलं, त्यामुळे लागलं कमी, खर्च तेवढाच. पट्ट्यासोबत त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि वाटेवर ठेवणारा आयडलर आले. मग "खोलेलच शे ते पंपबी टाकी देऊत." पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरतो, उद्या तो गळायला लागला तर हीच मजुरी पुन्हा, हे मला पटलं. मग पंप आला म्हणून कूलंट. मग ऑइल सील. मी चहावाल्याकडे जाऊन बसलो, तिथे निदान भाव लिहिलेला होता.

"भाऊ, इकडे या जरा."

कव्हर निघालं होतं. मिस्तरीने पट्टा उलटा वाकवून दाखवला. पाठीवर बारीक भेगा, पायाच्या टाचेला असतात तशा. पण तो मला दाखवत होता कव्हरच्या आतली चिकटपट्टी. तारीख तेलाने खाल्लेली. खाली बॉलपेनने लिहिलेलं मात्र स्पष्ट: पट्टा बदलला, 1,18,400.

मी मीटर बघितला. 71,250. पुन्हा चिकटपट्टी बघितली.

मिस्तरी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पट्टा कसाले बदली राह्यनात? मीटरवर अजून सत्तेचाळीस हजार बाकी शेतस."

गॅरेजमधली पोरं हसली. मीही हसलो, रडायला तिथे जागा नव्हती. केळीचा चीक, झिजून गुळगुळीत झालेलं ब्रेक पेडल, पांढऱ्या कव्हरांखालचे फाटके सीट, सगळं एकदम जागच्या जागी बसलं.

नवा पट्टा चढला. मिस्तरीने खुणा जुळवल्या, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवली, खुणा पुन्हा जागेवर आल्या का बघितलं, आणि मगच चावी मारली. बिल साडेअकरा हजार. मग त्याने नवी चिकटपट्टी फाडली, तारीख टाकली आणि पेन तसाच धरून विचारलं, "किलोमीटर काय लिखू भाऊ? खरं का दिखस ते?"

खरं कोणाला माहीत होतं? मी दलालाला फोन लावला. भांडायचं ठरवलं होतं, पण तोंडून निघालं भलतंच. "अहो, ते मास्तर शाळेत कोणता विषय शिकवायचे?"

पलीकडून क्षणाचाही विलंब न लागता उत्तर आलं, "गणित."