गादी सरकलेली दिसली म्हणजे निदान झालं?

"एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली की सायटिकाचं कारण सापडलं" हे सायटिकावरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. (गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती; सायटिका म्हणजे कंबरेतली शीर, म्हणजे मज्जातंतू, दबून पायात जाणारी कळ.) कंबर कधीच न दुखलेल्या चाळिशीतल्या कित्येकांच्या एमआरआयमध्येही फुगलेली गादी दिसते. फोटोतली गादी आणि पायातली कळ यांची जागा जुळली तरच त्या फोटोला अर्थ. एल-५ ची (कंबरेच्या पाचव्या मणक्याजवळची) शीर दबली तर कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागावर, अंगठ्यापर्यंत जाते आणि अंगठा वर उचलायला जोर कमी पडतो. एस-१ (तिच्या खालची शीर) दबली तर कळ पोटरीच्या मागून करंगळीकडे जाते, त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहणं जड जातं. उताणं झोपवून सरळ पाय ३० ते ७० अंशांपर्यंत उचलताना गुडघ्याखाली कळ गेली तर शीर ताणली जातेय. नुसती मांडीमागे ओढ लागली तर बहुधा स्नायूच आखडलेले. एवढ्या तपासणीला पाच मिनिटं पुरतात, पण ती करतो कोण!

आणि प्रीगॅबालिन या शिरांच्या दुखण्यावरच्या गोळीबद्दल: ऑस्ट्रेलियातल्या २०१७ च्या चाचणीत सायटिकासाठी ती निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली नाही, चक्कर मात्र जास्त आली. आधीच सुरू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून मात्रा हळूहळू उतरवा. बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत चालत-फिरत राहूनच उतार पडतो. लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. हे लेखात पहिल्या परिच्छेदात हवं होतं.