नऊ सेल्फ शिल्लक

काल सकाळी सव्वासातला कर्वेनगरच्या एका गल्लीत उभं राहून मी एका सद्गृहस्थांना फोनवरून एक रुपया पाठवला. दान नाही, पैज नाही. विजेचे पैसे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाशी नेला, ‘आला’ म्हणाले आणि मगच आपल्या गाडीचं बॉनेट उघडलं.

माझ्याकडे एक जुना स्किड लोडर आहे. साइटवरचा प्रत्येक जण त्याला छोटा जेसीबी म्हणतो, मग कंपनी कुठली का असेना. पाडलेल्या बंगल्यांचा राडारोडा उचलायला याच्यासारखं मशीन नाही. बोळात शिरतं, जागच्या जागी गरकन फिरतं. मॉडेल 2008 चं. वर्षाचे दहा महिने गुणी असतं. डिसेंबर उजाडला की त्याला सकाळी उठायचा कंटाळा येतो, जो मी समजू शकतो. पण मी उठतो ना!

काल डंपर दारात उभा, त्याचं वेटिंग सुरू, आणि ऑपरेटरने चावी फिरवली तर आतून फक्त ‘अंऽऽ... अंऽ... कट्’. दुसऱ्यांदा नुसतंच ‘कट्’. ऑपरेटर खाली उतरला, हात झटकले आणि म्हणाला, “शेठ, बॅटरी बसली.”

बॅटरी दीड महिन्यापूर्वीच घेतलेली. नवी. हे वाक्य लिहितानासुद्धा माझे दात एकमेकांवर घासताहेत.

एवढ्यात समोरच्या फाटकातून काका बाहेर आले. माकडटोपी, हाफ स्वेटर, हातात दुधाची पिशवी. मशीन त्यांच्या फाटकासमोर अर्धं आलं होतं, हे कबूल करतो.

“हे काय आहे?”

“लोडर आहे काका.”

“ते दिसतंय. इथे का आहे, असं विचारतोय.”

मी सांगितलं, चालू होत नाहीये. त्यावर काकांचा चेहरा एकदम उजळला. पुण्यात बंद पडलेल्या वाहनाभोवती जो आनंद जमतो तो मी लग्नातही पाहिलेला नाही. फिरायला निघालेले आणखी चौघं थांबले. एक जण म्हणाला, धक्का मारा. मी समजावलं, की याचं इंजिन पंप फिरवतं, पंप तेल दाबतो, त्या तेलावर चाकं फिरतात. चाकांकडून इंजिन फिरायची सोयच नाही. संध्याकाळपर्यंत ढकलत राहिलात तरी इंजिनाला पत्ता लागणार नाही. चौघांनी मान डोलावली आणि बाह्या सरसावल्या.

काका म्हणाले, “तिरकं करून बघा.”

“काय?”

“आमची स्कूटर थंडीत अशीच करायची. डावीकडे तिरकी केली की एका किकमध्ये.”

पावणेतीन टनांचं मशीन. मी वाद घातला नाही. फक्त विचारलं, तुमची गाडी आहे ना आत? माझ्याकडे केबल आहेत. जंप मारला तर पाच मिनिटांत तुमचं फाटक मोकळं.

इथून पुढची वीस मिनिटं माझ्या आयुष्यातून गेली ती गेलीच.

“म्हणजे माझ्या बॅटरीतली वीज तुम्ही घेणार.”

“हो. म्हणजे थोडीशी.”

“थोडीशी हे माप नाही. मी वीज मंडळात बत्तीस वर्षं काढली. मंडळ असताना, 2005 साली त्याचे तुकडे केले, त्याच्या आधी बाहेर पडलो. तुमचा सेल्फ किती अँपिअर ओढतो?”

“असेल अडीचशे.”

“असेल नको.”

“अडीचशे.”

काकांनी दुधाची पिशवी माझ्या हातात दिली आणि खिशातून एक जुनं वीजबिल आणि पेन काढलं. बिलाच्या पाठीवर मांडणी सुरू झाली. 12 व्होल्ट गुणिले 250, म्हणजे 3000 वॅट. तीन किलोवॅट. एक सेल्फ दहा सेकंदांचा. तासात दहा-दहा सेकंदांचे 360 भाग. तीन भागिले 360. “दर काय धरायचा?” असं त्यांनी चौघांना विचारलं आणि त्यावर वेगळा वाद झाला. शेवटी दहा रुपये युनिट ठरलं. एका सेल्फला आठ पैसे आणि वर काहीतरी.

“आठ पैसे,” मी म्हणालो. थंडीने दूध आणि माझा हात यांचं तापमान एक झालं होतं.

“आठ पॉइंट तीन तीन. आणि एका सेल्फमध्ये हे धूड उठणार नाही. तीन धरू. पंचवीस पैसे.”

“काका, गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवली तर आमची बॅटरी जरा—”

“पेट्रोल वेगळं.”

मी सूचना मागे घेतली. मग पेच पडला, की चार आणे द्यायचे कसे. पंचवीस पैशांचं नाणं 2011 मध्येच बंद झालं, ही माहितीही काकांनीच दिली, तारखेसकट: 30 जून. मी म्हणालो, रुपया घ्या. ते म्हणाले, जास्तीचे मी ठेवणार नाही, पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. मी म्हणालो, जमा ठेवा. हा शब्द त्यांना पसंत पडला. बिलाच्या पाठीवर त्यांनी ‘जमा’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

ते आकडेमोड करत होते तेव्हा मला सारखे केलर बंधू आठवत होते. अमेरिकेतल्या मिनेसोटातले दोन लोहार भाऊ, लुईस आणि सिरिल. 1957 मध्ये एका टर्कीपालकाला खुराड्यातली घाण काढायला छोटं मशीन हवं होतं, म्हणून त्यांनी या जातीचा पहिला लोडर बनवला. तिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या पार खाली जातो. आणि त्याच वंशाचं हे कुलदीपक पुण्यात, जिथल्या वेधशाळेला लोक आजही सिमला ऑफिस म्हणतात (1928 मध्ये सिमल्याहून ऑफिस आलं, थंडी तिकडेच राहिली), दहा डिग्रीला अंग आखडून बसतं.

केबल लावल्या. लाल लालला, काळी शेवटी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. ऑपरेटरने चावी मारली. पांढरा धूर निघाला, इंजिन पेटलं नाही. काका मोठ्याने म्हणाले, “एक.”

दुसऱ्यांदा जरा फुरफुरलं. “दोन.”

तिसऱ्यांदा खोकत, थरथरत, अख्ख्या गल्लीला डिझेलची धुरी देत ते उठलं. वरच्या गॅलरीतून काकू ओरडल्या, “अहो, काय पेटवलंत?” चौघांनी टाळ्या वाजवल्या. त्या काकांसाठी होत्या.

दुपारी नाना पेठेतल्या वायरमन चाचांना बोलावलं. त्यांनी काही न बोलता मीटर लावला. मशीन चालू असताना बॅटरीवर 14 च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत, दिसले 11.9, आणि तेही उतरत होते. म्हणजे अल्टरनेटर, इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा, चार्जिंगच मारत नव्हता. हा अल्टरनेटर मी दोन महिन्यांपूर्वी साडेतीन हजारांना रिपेअर करून घेतलेला. त्याने फरक पडला नाही म्हणून बॅटरी घेतली, साडेसात हजारांची.

चाचांनी मशीन बंद करून चावी अर्धी फिरवली आणि मला म्हणाले, “शेठ, इधर देखो. क्या दिखता है?”

“काहीच नाही.”

“वही तो.”

बॅटरीचा लाल दिवा लागायला हवा होता. लागत नव्हता. मी आणि ऑपरेटर दोघेही तो लागत नाही म्हणून निर्धास्त होतो. लाल दिवा नाही म्हणजे सगळं आलबेल. पण या जुन्या अल्टरनेटरला जागं व्हायला जो सुरुवातीचा करंट लागतो, तो त्या बल्बमधूनच जातो. बल्ब उडाला, अल्टरनेटर झोपला, आणि ही बातमी द्यायचं काम ज्याच्याकडे होतं तोच मेलेला. बल्बचे वीस रुपये.

थंडीत इंजिन आतून तापवणाऱ्या चार हीटर प्लगपैकी तीन गेलेले होते, ते वेगळंच. चाचांनी ते काढून एकेकाला बॅटरीचा करंट दिला. एकाचं टोक लालबुंद झालं, बाकीचे तिघे थंड. डिझेलला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं. लोखंड गार, सेल्फ मरगळलेला, प्लग गेलेले, पेटणार कसं? ऑपरेटर म्हणाला, “मी बोललो होतो शेठ, हीटर मारत नाही म्हणून.” बोलला होता. मी म्हणालो होतो, पुण्यात कसला हीटर.

राग येतो तो या अकरा हजारांचा. अल्टरनेटरवाल्याने मीटर लावला नाही, बॅटरीवाल्याने लावला नाही. जुनी बॅटरी त्याने बायबॅकमध्ये घेतली, आणि ती चांगली होती अशी माझी आता खात्री आहे. परवा फोन केला तर म्हणाला, थंडीत असं होतं. मीटर लावायला दोन मिनिटं लागतात, पण पैसे मीटर लावण्याचे मिळत नाहीत, पार्ट विकण्याचे मिळतात. आणि खरं सांगायचं तर, नुसता मीटर लावून कोणी पाचशे मागितले असते तर मीच त्याच्याशी भांडलो असतो. चाचांनी चारशे मागितले. मी साडेतीनशे दिले.

घरी बायकोला रुपयाची गोष्ट सांगितली. तिला वाटलं मी सहानुभूती मागतोय. म्हणाली, “फाटक अडवल्याचे घेतले नाहीत, नशीब समज.”

रात्री काकांचा मेसेज आला. वीजबिलाच्या पाठीचा फोटो, आणि खाली: ‘आपले 75 पैसे जमा आहेत. म्हणजे नऊ सेल्फ. 31 मार्चनंतर विचार केला जाणार नाही.’

आज सकाळी मशीन पहिल्याच सेल्फला चालू झालं. ऑपरेटर खूश, डंपरवाला खूश. मी काकांच्या बंद फाटकाकडे बघत उभा होतो. माझे नऊ सेल्फ आत होते.