आयत तिसावी आणि टपरीवरचे बाकडे

गेल्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीसमोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही सात-आठ जण बसलो होतो आणि बोलणे नेहमीप्रमाणे मुलींच्या कपड्यांवर येऊन ठेपले होते. तेवढ्यात समोरच्या बसथांब्यावर दोन कॉलेजच्या मुली उतरल्या आणि हयेवर, म्हणजे लज्जाशीलतेवर, पोटतिडकीने बोलणाऱ्या गृहस्थांसकट बऱ्याच जणांच्या नजरा त्यांच्याबरोबर वळणापर्यंत गेल्या. त्यांतल्या एकीने खांद्यावरची बॅग पुढे घेऊन छातीशी धरली. माझी नजर त्या नजरांमध्ये नव्हती असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बॅग पुढे घेतलेली मला दिसली, याचा अर्थ मीही पाहत होतोच.

स्त्रियांच्या पर्द्याविषयीची कुरआनातल्या सूरह नूर या अध्यायाची ३१वी आयत (वचन) आपल्या बयानांतून, म्हणजे प्रवचनांतून, हमखास ऐकू येते, पण तिच्या आधीची ३०वी आयत श्रद्धावान पुरुषांना उद्देशून आहे आणि तिच्यात आपली नजर खाली ठेवण्याची आज्ञा कोणत्याही अटीविना दिलेली आहे. समोरच्या स्त्रीने काय घातले आहे, ती मुसलमान आहे की नाही, याचा तिथे उल्लेखही नाही. ३१व्या आयतीची सुरुवातही स्त्रियांना हीच आज्ञा देऊन होते आणि तिच्यातल्या पेहरावाच्या आदेशाबद्दल माझे दुमत नाही. माझा आक्षेप आधीची आयत गाळून पुढची वाचण्याला आहे.

टपरीबद्दल तर थेट हदीसच (पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद) आहे. पैगंबरांनी (स.) रस्त्याकडेला बसण्यास मनाई केली, तेव्हा साथीदार म्हणाले की आमच्या बैठकी तिथेच असतात, त्याला इलाज नाही. मग बसायचेच असेल तर रस्त्याचा हक्क अदा करा, असे सांगून त्यांनी तो हक्क उलगडला: नजर खाली ठेवणे, कुणाला त्रास न देणे, सलामाला उत्तर देणे, भल्याचा आग्रह धरणे आणि वाइटापासून रोखणे. यात नजर पहिली आली आहे.

हिजरी सन १० मधल्या अखेरच्या हजमध्ये खसअम कबिल्यातील एक स्त्री, वृद्ध वडिलांच्या वतीने आपण हज करावा का, हे विचारायला आली. पैगंबरांच्या मागे सवारीवर बसलेले तरुण फज्ल बिन अब्बास तिच्याकडे पाहत राहिले, तेव्हा पैगंबरांनी हाताने फज्ल यांचा चेहरा दुसरीकडे वळवला आणि तिच्या प्रश्नाला होकारार्थी उत्तर दिले. (चेहरा झाकण्याच्या प्रश्नावर या प्रसंगातून काय निष्कर्ष काढावा यावर विद्वानांत मतभेद आहेत, तो वाद इथे नको.) तिला कुणी परत पाठवले नाही.

लोकलमध्ये किंवा बँकेच्या खिडकीशी मान खाली घालून वावरावे असा याचा अर्थ नाही. पैगंबरांनी त्यांचे जावई हजरत अली यांना सांगितले की अवचित पडलेली पहिली नजर माफ आहे, तिच्यामागून दुसरी जाऊ देऊ नये. टपरीवर चुकते ती ही दुसरी.

पुढच्या शुक्रवारी बाकडे भिंतीकडे तोंड करून ठेवू या, असे मी सुचवले. टपरीवाले चाचा म्हणाले, “बाकडे राहू द्या, त्याचा एक पाय मोडका आहे. माना वळवा.”