शेत जप्त होणार म्हणे!

चोपडा तालुक्यातले आमचे नाना एरवी फोन करतात ते कापसाचा भाव सांगायला. या वेळी पहिलाच प्रश्न, "हाई खरं शे का?" त्यांच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारावर गुपचूप सही केली, आता मुलं आईबापाची नाहीत, सरकारची, घरच्या शेतात पोर दिसलं तर शेत जप्त, नॉर्वेसारखी पथकं गावात येऊन मुलं उचलणार, अमेरिका शहाणी, ती यात नाहीच, आणि मुळात हे सगळं बड्या देशांचं थोतांड. शेवटी 'प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोहोचवा'. नानांनी नातवाला शेताकडे फिरकायची बंदी केली, म्हणून हे लिहायला बसलो.

'गुपचूप सही'चं आधी उरकतो. करार २० नोव्हेंबर १९८९चा. भारताने तो ११ डिसेंबर १९९२ला स्वीकारला, उघडपणे. नानांचा मुलगा तेव्हा शाळेत होता, आज त्याची पोरं शाळेत आहेत. एवढ्या वर्षांत खान्देशात कुणाचं शेत गेलं, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

'मुलं सरकारची' हे करारात कुठे सापडलं कोण जाणे. कलम ५ म्हणतं, मुलाला वळण लावण्याचा आईवडिलांचा हक्क आणि जबाबदारी सरकारने मानली पाहिजे. कलम १८ म्हणतं, वाढवण्याची पहिली जबाबदारी आईवडिलांचीच.

आता शेत. सगळ्यात मोठी लोणकढी थाप हीच, आणि सगळ्यात जास्त नुकसानही हीच करते. करार स्वीकारतानाच भारताने बालमजुरीच्या कलम ३२बद्दल लेखी कळवलं होतं की सगळ्या कामांना किमान वय लगेच लावणं आम्हाला जमणार नाही, टप्प्याटप्प्याने करू. पुढे आपल्याच संसदेने २०१६ साली बालमजुरीचा कायदा दुरुस्त केला. तो वाचा. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवायला बंदी, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांना हातभार लावायला मोकळीक. धोक्याचं काम मात्र घरचं असलं तरी चालत नाही. दिवाळीच्या सुट्टीत पोराने चार बोंडं वेचली तर कायदा आडवा येत नाही. (फवारणीचा पंप त्याच्या पाठीवर देऊ नये, हे सांगायला नानांना कायदा लागत नाही.) आईबापाकडून पहिल्यांदा चूक झाली तर शिक्षा नाही, पुन्हा झाली तर दंड, दहा हजारांपर्यंत. जमीन जप्तीचा शब्द त्यात नाही.

शिक्षा आहे ती पोराला कामावर ठेवणाऱ्या मालकाला: सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही. आता विचार करा, या मेसेजने कुणाचं फावतं? नंदुरबार-धुळ्याकडून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातेत जातात. उचल आईबापाने घेतलेली असते आणि फडात पोरंही राबतात. शाळा तिकडे चार-पाच महिने ओस. मुकादमाला विचारलं की तो म्हणणार, घरचं काम आहे. नानांसारख्या घरच्या शेतकऱ्याला घाबरवून त्याच्या आड मुकादमाला लपवणारा हा मेसेज आहे. लिहिणाऱ्याला ते कळतं की नाही, मला माहीत नाही, परिणाम तोच.

नॉर्वेचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. २०११मध्ये तिथल्या बालसंरक्षण खात्याने एका भारतीय जोडप्याची दोन मुलं ताब्यात घेतली होती. आपल्या सरकारने मध्ये पडून बोलणी केली आणि २०१२मध्ये मुलं भारतात आली. पण ते खातं नॉर्वेचं होतं, संयुक्त राष्ट्रांचं नव्हे. आणि २०१९मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने अशाच दुसऱ्या एका प्रकरणात नॉर्वेलाच दोषी ठरवलं. कराराची स्वतःची समिती अठरा जणांची, जिनिव्हात बसून देशोदेशीचे अहवाल वाचते. पथक कसलं, साधा शिपाईसुद्धा त्यांना चोपड्याला पाठवता येत नाही.

अमेरिकेने १९९५मध्ये सही केली, मंजुरी मात्र आजवर दिलेली नाही. शहाणपण म्हणाल तर, अठराच्या आत केलेल्या गुन्ह्यासाठी फाशी देणं तिथे २००५पर्यंत कायदेशीर होतं आणि हा करार त्याला मनाई करतो. शिवाय 'मुलं सरकारची होणार' ही ओरड तिथल्याच विरोधकांची जुनी. म्हणजे परदेशी कटाची भीतीसुद्धा परदेशातूनच आलेली.

राहिलं 'बड्या देशांचं थोतांड'. इथे मला गप्प बसावं लागतं, थोडंसं. २०१६मध्ये येमेनच्या युद्धातल्या मुलांच्या मृत्यूंमुळे तिथे लढणाऱ्या सौदीच्या लष्करी आघाडीचं नाव, युद्धात मुलांचे बळी घेणाऱ्यांच्या संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत आलं आणि काही दिवसांत निघालंही. नाव राहिलं तर इतर कामांचा निधी बंद होण्याची भीती होती, असं खुद्द सरचिटणीस बान की-मून यांनीच सांगितलं. लाजिरवाणंच. पण ज्या यादीला काडीची किंमत नाही म्हणता, तीतून नाव काढायला सौदीने एवढा जोर का लावला असेल?