जंगलाच्या कडेला झोपायला पावती कशाला लागते?

सकाळपासून डोकं तापलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. वेळ नसेल त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

काल मध्यरात्र उलटल्यावर दाराची बेल वाजली. बघते तर भाचा आणि त्याचे दोन मित्र. पाठीवर सॅक, हातात अर्धवट गुंडाळलेला तंबू, तोंडं उतरलेली. आमच्या इंदूरजवळच्या महूच्या पुढे घाटाच्या रस्त्याला, जंगलाच्या कडेच्या एका मोकळ्या जागेत पोरांनी तंबू लावला होता. गाणी नाहीत, दारू नाही (भाच्याची मला खात्री आहे, मित्रांना मी जवळ बसवून बोलतं केलं आणि वास घेतला). घरच्या पोळ्या, लोणचं, शेव आणि पाण्याचा मोठा कॅन. दहाच्या सुमाराला मोटरसायकलवर वनखात्याचे दोघं आले, टॉर्च तोंडावर मारला आणि म्हणाले, "यहाँ रुकना मना है, समेटो." पोरांनी समेटलं. आणि समेटत असताना खालच्या रिसॉर्टातला डीजे त्यांच्या कानावर आदळत होता. झाडांवर हिरवे-जांभळे दिवे सोडलेले, तेही त्याच जंगलाच्या अंगाला लागून. भाचा म्हणाला, "मावशी, आम्ही तर कुजबुजत होतो. घुबड ओरडत होतं म्हणून."

इथपर्यंत मी गप्प बसले असते. पण सकाळी पोहे परतता परतता हे कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं, तर एका ज्येष्ठांचं उत्तर आलं, "पैसे वाचवायला जंगलात कशाला जायचं? रिसॉर्टला जावं. सेफ असतं, बुफे असतो." भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. तुमच्या वयाचा मान ठेवून सांगते, बुफे खायला कोणी जंगलात जात नाही.

आता तुम्हाला कोलोरॅडोची गोष्ट ऐकावी लागेल. ज्यांनी आधी ऐकली आहे त्यांनी परत ऐका.

लेक डेन्वरला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा एका शुक्रवारी जावई म्हणाले, "आई, आज डोंगरात झोपायला जाऊ." मी विचारलं, बुकिंग केलंत? म्हणाले, बुकिंग नसतंच. गाडी निघाली. डांबरी रस्ता संपला, मातीचा सुरू झाला, कडेला रस्त्याचा नंबर लिहिलेली वीतभर पाटी. फाटक नाही, खिडकी नाही, खिडकीमागे पान खाणारा माणूस नाही. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि मधेमधे पांढऱ्या खोडांचे ॲस्पन. एका सपाट जागेवर आधी कोणीतरी राहून गेल्याची खूण होती, दगडांचं गोल कडं, मधे जुनी राख. जावई म्हणाले, इथेच लावायचा. नवी जागा तुडवायची नाही. नळ नाही, संडास नाही, कचरापेटी नाही, दिवा नाही. आणि एक पैसा नाही. ह्यांचं सारखं एकच चालू होतं, "पण परवानगी कोणाची?"

परवानगी सगळ्यांचीच, असं निघालं. तिथे नॅशनल पार्क वेगळं आणि नॅशनल फॉरेस्ट वेगळं. पार्कात तिकीट, ठरलेल्या जागा, आधीपासून आरक्षण. फॉरेस्टचं तसं नाही. देशभर मिळून साधारण 19 कोटी एकर जमीन, 1905 साली स्थापन झालेली फॉरेस्ट सर्व्हिस ती सांभाळते, आणि त्यातल्या बऱ्याच भागात रस्त्याच्या कडेला कोणीही फुकट तंबू लावू शकतो. एका जागी साधारण चौदा दिवस, मग हलायचं. गाडी कुठल्या रस्त्यावर नेता येते त्याचा नकाशा खातंच देतं, तोही फुकट. पाण्यापासून दूर राहायचं. आपला कचरा आपण परत न्यायचा, अगदी संत्र्याची सालंसुद्धा. आणि सकाळचा कार्यक्रम? छोटं फावडं घेऊन पाण्यापासून दोनशे फूट लांब जायचं, सहा-आठ इंच खोल खड्डा, काम झालं की बुजवायचा. आमचे हे फावडं घेऊन निघाले तेव्हा मला माझे आजोबा आठवले, नेवऱ्याच्या शेतात तांब्या घेऊन असेच जायचे. लेकीला हसू आवरेना.

तर संध्याकाळी काय झालं, तेच महत्त्वाचं आहे. अंधार पडायला लागला आणि खात्याची एक गाडी हळूहळू आमच्या दिशेने आली. मी सरळ तंबूत शिरले. पासपोर्ट कुठल्या पर्समध्ये आहे ते आठवायला लागले. गाडीतून एक बाई उतरली, गणवेशातली. माझ्या लेकीएवढी असेल. तिने आमची चूल पाहिली, पाण्याचा कॅन पाहिला आणि म्हणाली, झोपण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओता, काडीने ढवळा, परत ओता, मग हात जवळ नेऊन बघा. हाताला ऊब लागली तर विझलेलं नाही असं समजायचं. खाण्याचं सगळं गाडीत ठेवा, अस्वलं आहेत. गुड नाइट. आणि गेली. नाव विचारलं नाही, पावती मागितली नाही, टॉर्च तोंडावर मारला नाही.

मला त्या बाईचं कौतुक अजून संपत नाही. तिला आमच्यापेक्षा जंगलाची काळजी होती. काल त्या दोघांनी पोरांना शेकोटी विझली का, हे विचारलंसुद्धा नाही. (पेटवलीच नव्हती, ते सोडा.) त्यांना पोरं हवी नव्हती, एवढंच. कायद्याने ते बरोबर असतील, मानते. राखीव जंगलात विनापरवाना शिरणं, विस्तव पेटवणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, भारतीय वन अधिनियम, 1927. तो कायदा काढून वाचा एकदा. पहिल्याच वाक्यात इमारती लाकूड, वनोपज आणि त्यावरचा कर. साहेबाला सागवान मोजायचं होतं. साहेब गेला आणि आपण अजून त्याच्या लाकडांची राखण करतोय. म्हणजे जंगल हे कोणीतरी विकायची वस्तू आहे आणि तुम्ही-आम्ही संभाव्य चोर. रिसॉर्टवाला चोर नाही, कारण त्याच्याकडे कागद आहे.

आणि फुकट मुक्काम ही काय अमेरिकेने शोधलेली गोष्ट आहे? आपल्या दारावरून नर्मदा जाते हो! मंडलेश्वर, महेश्वर, बडवाहला जाऊन बघा, परिक्रमावासी कुठे झोपतात. देवळाच्या ओवरीत, घाटावर, कोणाच्याही पडवीत. शास्त्राप्रमाणे केली तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. एवढे दिवस बुफे कोण घालतो? गावं सदावर्त देतात, डाळ-पीठ हातावर ठेवतात, चूल त्याने आपली मांडायची. अर्ध्या महाराष्ट्राने परिक्रमा केली आणि उरलेल्या अर्ध्याने त्यावर पुस्तकं लिहिली, पण त्यातलं एवढं साधं कोणाच्या ध्यानात राहत नाही. माझी पुण्याची मावसभावंडं राजगडावर पद्मावतीच्या देवळात पथारी टाकून मोठी झाली. घरात कोणी त्यांना कंजूष म्हटलं नाही. आमच्या पोराने महूपुढे तंबू लावला की मात्र "पैसे वाचवायला".

थांबते जरा. चहा घेऊन येते.

हं. चहा घेताना भाच्याला विचारलं, जागा नक्की कुठली होती. तो म्हणाला, मोहाच्या दोन मोठ्या झाडांच्या मधे. आणि मग मला थोडं गप्प व्हावं लागलं. कारण मोह कोणाचातरी असतो. कागदावर नसेल, पण पाड्यावरच्या प्रत्येक घराला आपलं झाड माहीत असतं. मार्च-एप्रिलात पहाटे अंधारात बायका-पोरं टोपल्या घेऊन फुलं वेचायला येतात. त्या दिवसांत तिथे आपले निळे-नारिंगी तंबू असले, तर त्या बाईने कुठे वाकायचं? शिवाय फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तो वणवा पसरतो, फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वनखात्याचा जीव टांगणीला असतो. तेव्हा त्या चार महिन्यांत जंगल बंद ठेवा, एकही तंबू नको, मी स्वतः फाटकावर उभी राहते. कोलोरॅडोतही कोरडं पडलं की चुली बंद होतात, दंड जबर असतो. पण पावसाळा सरल्यापासून जानेवारीपर्यंत? तेव्हा तर वणव्याचे दिवस नाहीत, रात्री थंड, आकाश स्वच्छ.

बिबटे आहेत, हे कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच. आहेत. महू, मानपूर, चोरल, तिन्ही रेंजमध्ये आहेत. 2023 मध्ये तर महूत वाघ फिरून गेला, कॅमेऱ्यात दिसला. त्या बाईने अस्वलांचं जसं सांगितलं तसं बिबट्याचं सांगा ना. खरकटं उघडं टाकू नका, लहान पोराला अंधारात एकटं सोडू नका. सांगायला माणूस ठेवा, हाकलायला ठेवताय तसा.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. सप्टेंबर 2024 मध्ये महूपुढच्या जामगेटकडे रात्री फिरायला गेलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना लुटून त्यांच्यासोबतच्या तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, ते वाचून मी कित्येक रात्री नीट झोपले नव्हते. मुलीची आई आहे. पण त्यानंतर आपण काय केलं? तो रस्ता गुंडांना मोकळा सोडला आणि सभ्य माणसांना घरी बसवलं. चार कुटुंबं, दोन म्हातारे आणि गस्तीची एक गाडी जिथे असते तिथली रात्र वेगळी असते. हे मला कोणी आकड्यांनी पटवून द्यायची गरज नाही.

आता सगळ्यात बोचणारं. आपली माणसं घाण करतात. करतात! 2017 पासून देशात सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून आपण छाती काढून फिरतो. सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं की ओला-सुका वेगळा करून पळत जातो, सराफ्याच्या खाऊगल्लीत कोणी दोना खाली टाकला तर अनोळखी माणूसही टोकतो. आणि हीच माणसं शहराबाहेरचं सिमरोल ओलांडलं की बदलतात. तिंछाच्या, पाताळपाणीच्या धबधब्याला, चोरल नदीच्या काठाला जाऊन बघा. थर्माकोलच्या ताटल्या, चिप्सची पाकिटं, बिअरच्या फोडलेल्या बाटल्या, केक कापून तिथेच टाकलेला खोका. म्हणजे आपली स्वच्छता महापालिकेच्या हद्दीपुरती आहे. लाज वाटत नाही? मला वाटते, आणि मी तर टाकत नाही!

पण नीट बघा, हा कचरा कोणाचा असतो. दुपारी गाडी दारापर्यंत नेणाऱ्यांचा, तासाभरात रील काढून परतणाऱ्यांचा. वीस लिटर पाणी पाठीवर मारून दीड किलोमीटर चालणारा माणूस थर्माकोल नेत नाही, त्याला ओझं होतं. जिथे सोय पोचते तिथे कचरा पोचतो. म्हणून म्हणते, आम्हाला काही बांधून देऊ नका. गझेबो नको, सेल्फी पॉइंट नको, पेव्हर ब्लॉक तर देवाशप्पथ नको. फक्त झोपू द्या.

तिथेही सगळं आलबेल नाही, हे जावयांनीच सांगितलं. क्रेस्टेड ब्यूट नावाच्या गावाभोवतीच्या दऱ्यांत इतकी गर्दी आणि इतकी घाण झाली की आता तिथे आखून दिलेल्या, नंबर लावलेल्या जागांवरच तंबू लावता येतो. ठीक आहे. बिघडलं तिथे त्यांनी जागा आखल्या, अख्खं जंगल बंद नाही केलं. आणि त्या जागांच्या शेजारी डीजेवाल्याला बसवलं नाही.

त्या रात्री कोलोरॅडोत मला नीट झोप लागली नाही, हेही सांगून टाकते. थंडी हाडात शिरत होती आणि ह्यांचं घोरणं तंबूत दुप्पट वाटत होतं. मध्यरात्री बाहेर आले, चूल पाहिली, त्या बाईने सांगितलं तसा हात जवळ नेला. गार होती. वर आकाशगंगा अशी पसरलेली की मी लहानपणी रामबागेच्या गच्चीवरून पाहिली होती, त्यानंतर नाही. भाच्याला तेच बघायचं होतं हो. ते बघायला त्याने डेन्वरला जायचं का?

असो. चिडून भागत नाही, म्हणून वनखात्याला अर्ज लिहायला घेतलाय. साधा आहे: दोन-तीन जंगल रस्ते निवडा, ऑक्टोबर ते जानेवारी, आधी चौकीवर नाव आणि गाडीचा नंबर लिहून द्यायचा, शेकोटी नाही, आवाज नाही, कचरा परत आणून चौकीवर दाखवायचा, आणला नाही तर सणसणीत दंड. जागा ठरवताना पाड्यावरच्या लोकांना आधी विचारायचं, आणि मोहाखाली नाही. पैसे घ्यायचे नाहीत. पैसे घेतले की ठेकेदार येतो, ठेकेदार आला की त्याच्या मागून तो डीजे येतो.

सही करणाऱ्यांनी खाली लिहा. लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगरवाल्यांच्या घरी मी स्वतः कागद घेऊन येईन, चहा टाकून ठेवा. कोणते रस्ते लिहावेत तेही सुचवा. कुशलगडाकडचा मला बरा वाटतो, काजलीगडाकडचाही चालेल. चोरलचा सुचवू नका, तिथलं जे व्हायचं ते होऊन गेलंय. आणि भाऊजी, तुमची सही मी पहिली घेणार आहे.