दीदींचं गाणं फुकट का?

दादरहून आतेभावाचा फोन आला. त्याच्या छोट्या हॉटेलात दिवसभर जुनी गाणी लागलेली असतात, त्याचे परवान्याचे पैसे भरा अशी नोटीस आली होती. घरच्या ग्रुपवर सगळ्यांचा एकच सूर: लतादीदींचं गाणं म्हणजे वारा-पाऊस, त्याचे कसले पैसे?

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला खाणावळ चालवतो. इथे गिऱ्हाइकांसमोर गाणी लावायची तर दरवर्षी लायसन्स घ्यावं लागतं. त्यातला वाटा गीतकार-संगीतकारांना जातो, तसा गायक-वादकांनाही. पहिल्या वर्षी जड गेलं. आता गॅसच्या बिलासारखं भरतो.

आणि फुकट मागायचं तेही दीदींचं नाव घेऊन? बाराव्या वर्षी वडील गेले, पाठीवर चार भावंडं. १९४९ साली ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ घरोघरी पोचलं, तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’, पडद्यावरच्या पात्राचं! पुढे फिल्मफेअरच्या सोहळ्यात गायला त्यांनी नकार दिला, कारण पुरस्कार संगीतकाराला होता, गायकाला नव्हता. तो १९५९ पासून मिळू लागला, पहिला त्यांनाच.

साठच्या दशकात त्यांनी रॉयल्टीचा आग्रह धरला. रफीसाहेबांचं मत वेगळं: ठरलेलं मानधन मिळालं की गायकाचा हक्क संपला. रफीसाहेबांची दिलदारी मी मानतो, पण या वादात मी दीदींच्या बाजूचा. दिलदारी ज्याची त्याची, हक्क सगळ्यांचा, कोरसमधल्या बाईचाही. दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. गायकांचा रॉयल्टीचा हक्क भारताच्या कायद्यात आला २०१२ साली, तोवर रफीसाहेबांना जाऊन तीन दशकं उलटली होती.

लग्नसमारंभांना कायद्यात सूट आहे, ती योग्यच. आतेभावाची एक तक्रारही रास्त आहे: परवान्याचे पैसे गोळा करणाऱ्या एका संस्थेचे भरले की दुसरी संस्था दारात उभी. इथेही तसंच होतं, दोन संस्था, दोन बिलं. २०१८ पासून दोघींनी मिळून एकच लायसन्स केलं. मुंबईतल्या हॉटेलवाल्यांनी भांडावं ते यासाठी.

त्याला म्हटलं, कुठली गाणी, काय दर, लेखी विचार. दर अवाच्या सवा असेल तर भांड, वकिलाचे निम्मे पैसे माझे. पण गल्ल्यामागे दीदींचा फोटो आहे, रोज ताजा हार असतो त्याला. त्या फोटोखाली बसून ‘फुकट’ हा शब्द काढू नकोस.