खुलासा: आइस हॉकीपटू ग्रेट्झकीची ‘किंमत शून्य’ हा मेसेज दिशाभूल करणारा

साताऱ्यातल्या हॉकीच्या ग्रुपांवर फिरतंय: ‘एडमंटनने १९८८ मध्ये वेन ग्रेट्झकीला विकलं, १९९० मध्ये त्याच्याशिवाय स्टॅनली कप जिंकला, म्हणजे त्याची किंमत शून्य.’ एडमंटन हा कॅनडातला आइस हॉकी संघ, स्टॅनली कप हा त्याच्या लीगचा विजेतेपदाचा चषक. कप जिंकला हे खरं, निष्कर्ष चुकीचा. लीगच्या नोंदी पाहा. त्या सौद्यात एडमंटनला जिमी कार्सन हा खेळाडू मिळाला. पुढे कार्सन देऊन पेत्र क्लिमासह चौघे आणले. १९९० च्या फायनलच्या पहिल्याच सामन्यात, तिसऱ्या जादा वेळेत, विजयी गोल मारला तो याच क्लिमाने! आणि ग्रेट्झकीला घेणारा लॉस एंजेलिसचा संघ? एका हंगामात लीगच्या गुणतक्त्यात ६८ गुणांवरून ९१ वर. १९८९ च्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) त्यांनी एडमंटनलाच घरी पाठवलं. निवड चाचणीला निघालेली आपली पोरं हा मेसेज वाचताहेत, याचं वाईट वाटतं. कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.